शिकाऊ डॉक्टरने विचारलेला प्रश्न

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं, जवळपास तसंच ठेवलंय.)

मी मुकुंदवाडीतून बोलतोय. मागे मधूनच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, स्टेशन जवळ आहे आणि आमच्या खोलीला साउंडप्रूफिंग वगैरे काही नाही.

मी बीटेक केलंय आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. म्हणजे आजच्या विषयातला तज्ज्ञ मी नक्कीच नाही. विषय आहे मानसोपचारतज्ज्ञ कसा घडतो. एमबीबीएस झालेला डॉक्टर हॉस्पिटलात तीन वर्षं रेसिडेंट म्हणून राबतो आणि त्यातून सायकियाट्रिस्ट होऊन बाहेर पडतो, त्या तीन वर्षांत नेमकं काय होतं? मला यात रस का, तर अशाच एका रेसिडेंटने आमच्या घरातली एक गोष्ट शोधून काढली, जी आम्हाला पंधरा वर्षांत दिसली नव्हती. आणि त्या दिवशी मी त्या डॉक्टरशी नीट वागलो नव्हतो.

पप्पांना विचारूनच सांगतोय. ते म्हणाले, "सांग. पण नुसतं रडगाणं सांगू नको, लोकांच्या कामाचं काहीतरी सांग." तर प्रयत्न करतो.

पप्पा चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झाले. त्याच वर्षी दिवाळीनंतर ते हळूहळू थांबत गेले. थांबत गेले हाच शब्द बरोबर वाटतो. सकाळचं फिरणं बंद, पेपर बंद, मित्रांचे फोन उचलणं बंद. विचारलं की एकच उत्तर, "करमत नाही." जेवण अर्धं झालं. पहाटे तीनला उठून गॅलरीत बसायचे. पोटात आग होते म्हणाले म्हणून ॲसिडिटीचं औषध झालं. छातीत धडधडतंय म्हणाले म्हणून ईसीजी झाला, तो नॉर्मल. मग एका डॉक्टरांनी बरोबर ओळखलं की हे डिप्रेशन असू शकतं. त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि सांगितलं, सायकियाट्रिस्टला दाखवून घ्या.

आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो. केसपेपर काढला, नंबर आला, आत गेलो तर समोर माझ्याच वयाची एक डॉक्टर. गळ्यात आयकार्ड, समोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. मी म्हणालो, "मोठे डॉक्टर कुठे आहेत?" ती शांतपणे म्हणाली, "सर बघतीलच. आधी मी सगळी माहिती घेते." मी आईच्या कानात, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "शिकाऊ आहे."

हो, शिकाऊ होती. पहिल्या वर्षाची, म्हणजे जेआर वन. आणि तिने आम्हाला पाऊण तास दिला.

तिने आधी पप्पांना बोलू दिलं. मग आईला आणि मला विचारलं. मग आम्हाला बाहेर पाठवून पप्पांशी एकटं बोलली. मग परत आत बोलावलं. झोप, भूक, कामात लक्ष, दारू-तंबाखू, थायरॉइड, बीपी, सगळं. आणि मग तिने विचारलं, "काका, याच्या अगदी उलट असं कधी झालं होतं का? झोप दोन-तीन तास, तरी थकवा नाही, डोक्यात एकामागोमाग प्लॅन, बोलणं थांबतच नाही?"

पप्पा म्हणाले, "नाही."

आई गप्प होती. मग हळूच म्हणाली, "रसवंतीच्या वेळी."

२००८ ची गोष्ट. मी तेव्हा अकरा वर्षांचा. पप्पांनी एकदम ठरवलं की रसवंती टाकायची. एक नाही, तीन. एक मुकुंदवाडी स्टेशनसमोर, एक चिकलठाण्याला, एक जालना रोडवर. दोन चरकांचं टोकन दिलं, आईच्या पाटल्या गहाण टाकून. रात्री दोनला नातेवाइकांना फोन करून भागीदारी ऑफर करायचे. महिनाभर नीट झोपले नाहीत. आम्ही मुलं जाम खूश होतो, कारण पप्पा रोज काहीतरी आणायचे. मग दोन-तीन महिन्यांनी सगळं आपोआप विरलं. टोकन बुडालं. आजीने धागा-दोरा केला होता, तिला वाटलं त्याने गुण आला. आणि घरात ती आठवण राहिली ती अशी, की 'तेव्हा पप्पा फुल फॉर्मात होते.'

डॉक्टरने कागदाच्या मागच्या बाजूला एक सरळ आडवी रेष ओढली. त्यावर वर्षं टाकली. २००८ पाशी रेषेच्या वर एक डोंगर काढला, आत्ताच्या वर्षापाशी खाली एक खड्डा. मधे विचारत गेली आणि आईला अजून एक छोटा खड्डा आठवला, माझ्या दहावीच्या वर्षीचा. पाऊण तासात पप्पांचं अर्धं आयुष्य एका रेषेवर आलं.

मग तिने विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास होता का?" माझे थोरले काका मी जन्मायच्या आधीच गेले. आम्हाला सांगितलेलं, गावाकडे विहिरीवर पाय घसरला. त्या दिवशी पप्पा खाली बघत म्हणाले, "पाय घसरला नव्हता." मी हे पहिल्यांदा ऐकलं. तिथे, एका अनोळखी मुलीसमोर, वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

थोड्या वेळाने सर आले. तिने उभं राहून पाच मिनिटांत सगळं मांडलं, न अडखळता. सरांनी दोनच प्रश्न विचारले आणि निदान पक्कं केलं. हे नुसतं डिप्रेशन नव्हतं, बायपोलर होतं. आता हा फरक महत्त्वाचा का? कारण बायपोलर असलेल्या माणसाला मूड सांभाळणाऱ्या औषधाशिवाय नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं, तर काही जणांच्या बाबतीत तो खड्ड्यातून थेट डोंगरावर फेकला जाऊ शकतो. म्हणजे परत रसवंती, किंवा त्याहून वाईट. ज्या डॉक्टरांनी आधीची गोळी लिहून दिली, त्यांची यात चूक नाही. त्यांना रसवंती माहीतच नव्हती, कारण आम्ही सांगितली नव्हती. कारण तो आजार होता हेच आम्हाला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी माझ्या मावसबहिणीला फोन केला. ती महाराष्ट्रातल्याच एका मेडिकल कॉलेजात एमडी सायकियाट्री करत होती. तोपर्यंत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू दिवसभर करतेस काय. त्या रात्री विचारलं, आणि नंतरही खूपदा. आता पुढचं बरंचसं तिच्याकडून कळलेलं.

एमबीबीएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. त्यात मानसोपचाराचा वाटा अगदी लहान. इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे. परीक्षेतही त्याचा वेगळा पेपर नाही, जनरल मेडिसिनच्या पोटातच तो येतो. म्हणजे हृदय, फुप्फुसं, हाडं सगळं शिकून झालेला डॉक्टरसुद्धा मनाच्या बाबतीत जवळपास नवखा असतो. त्यानंतर नीट पीजी, आणि मग तीन वर्षांची एमडी किंवा डीएनबी.

रेसिडेंट हा शब्द कुठून आला? अक्षरशः, हॉस्पिटलात 'राहणारा'. अमेरिकेत बाल्टिमोरला १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं, तिथे तरुण डॉक्टरांनी हॉस्पिटलातच राहून, वरिष्ठांच्या हाताखाली शिकायची पद्धत रुळली. तिथेच १९१३ मध्ये फिप्स क्लिनिक नावाचा मानसोपचार विभाग उघडला. त्याचे प्रमुख ॲडॉल्फ मायर. त्यांचा आग्रह असायचा की पेशंटचं सगळं आयुष्य नीट लिहून काढा, कधी काय घडलं ते वर्षांनुसार मांडा. त्याला ते लाइफ चार्ट म्हणायचे. बहिणीने हे सांगितलं तेव्हा मला ती कागदामागची रेष आठवली. बाल्टिमोरची पद्धत शंभर वर्षांनी आमच्या रसवंतीपर्यंत येऊन पोचली होती.

आपल्याकडे १९५४ मध्ये बंगळूरुला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ सुरू झाली, असे तज्ज्ञ तयार करण्यासाठी. तीच पुढे १९७४ मध्ये तिथल्या मनोरुग्णालयाशी एकत्र होऊन निमहान्स झाली.

बरं, पण तीन वर्षं कशाला? माझा इंजिनिअरचा प्रश्न. पुस्तक वाचून, लक्षणांची यादी पाठ करून होणार नाही का?

बहीण म्हणाली, "तुमच्याकडे सर्व्हर पडला की लॉग उघडता. आमच्याकडे लॉग नाही." डिप्रेशन किंवा बायपोलर दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. स्कॅनमध्ये ते दिसत नाही. तपासण्या करतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला, कारण थायरॉइड कमी असलं किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच मलूल दिसू शकतो. म्हणून तर एमडीच्या चार लेखी पेपरांपैकी एक अख्खा पेपर न्यूरोलॉजी आणि जनरल मेडिसिनचा असतो. पण निदान शेवटी होतं ते बोलण्यातून आणि बघण्यातून. आणि बोलायचं कसं, बघायचं काय, हे शेकडो पेशंटसमोर बसूनच येतं, कोणीतरी मागे उभं राहून चुका दाखवत असताना.

त्याची एक ठरलेली तपासणी असते. माणसाचे कपडे, नजर, बोलण्याचा वेग, मूड, विचारांची साखळी, भास, स्मरणशक्ती. शंभरातून सात वजा करत जा. शाळा कमी झाली असेल तर विसातून एक-एक. एखादी म्हण देऊन अर्थ विचारतात. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे काय? कोणी सांगतो, स्वतःला जमत नाही आणि दोष दुसऱ्याला. कोणी सांगतो, अंगण नीट सारवलेलं नाही. रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल? आणि सगळ्यात शेवटी, तुम्हाला काय वाटतं, हा आजार आहे का? हे प्रश्न ऐकायला सोपे वाटतात. पण उत्तराचा अर्थ लावताना पेशंट कुठून आला, किती शिकला, किती दमलाय हे सगळं धरावं लागतं. पहिल्या वर्षी बहिणीने एका आजीबद्दल लिहिलं होतं, 'प्रश्नांना उत्तरं देत नाही.' सरांनी स्वतः जाऊन बघितलं. आजींना ऐकू कमी येत होतं.

आणि भाषा. हा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटला. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, त्याचं डॉक्टरी भाषांतर लगेच करायचं नाही, हे त्यांना शिकवतात. ओपीडीत येऊन 'मला नैराश्य आहे' असं फार कमी लोक म्हणतात. ते म्हणतात, करमत नाही. जीव घाबरा होतो. डोकं गच्च होतं. अंगात येतं. कोणीतरी करणी केलीय. आता सरकारी कॉलेजातल्या पीजीच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात. बहिणीच्या बॅचला एक जण केरळचा होता. त्याला 'करमत नाही' म्हणजे काय हे कळायलाच दोन महिने गेले. बोअर होतंय? एकटं वाटतंय? की जगण्यातली चवच गेलीय? तीनही असू शकतं, आणि तिन्हींचा उपचार वेगळा. वॉर्डातल्या मावशींनी त्याला मराठी शिकवली. तिसऱ्या वर्षी तो पेशंटला विचारायचा, "काका, करमत नाही म्हणजे कसं होतं, जरा सांगा ना." बहीण म्हणते, आम्हा मराठी मुलांपेक्षा त्याची हिस्टरी चांगली व्हायची. आम्हाला वाटायचं की आपल्याला अर्थ माहीतच आहे.

एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या कामाची. रेसिडेंटला शिकवतात की जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे सरळ, स्पष्ट विचारायचं. आपल्याला भीती वाटते की विचारलं तर डोक्यात नसलेलं घुसेल. तसं होत नाही, यावर अभ्यास झालेले आहेत. उलट बऱ्याच जणांना हलकं वाटतं की कोणीतरी विचारलं. मराठवाड्यात याची शिकवणी पुस्तकात होत नाही. कीटकनाशक घेतलेला माणूस आयसीयूत वाचतो, आणि शुद्धीवर आला की त्याच्या खाटेशेजारी सायकियाट्रीचा रेसिडेंट जाऊन बसतो. बऱ्याचदा रात्री, बऱ्याचदा एकटा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की अशा माणसावर तीव्र ताण होता असं मानायचं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. हा कायदाही त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. कोणाला त्याच्या मनाविरुद्ध कधी ॲडमिट करता येतं, किती दिवस, कोणाच्या सहीने. सिनेमात दाखवतात तसा भूल न देता शॉक देणं या कायद्याने बंद आहे.

आता तक्रारीकडे. काही महिन्यांनी आम्ही फॉलोअपला गेलो तर ती डॉक्टर नव्हती. दुसराच रेसिडेंट, आणि त्याने पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. मी वैतागलो. फाइलमध्ये सगळं आहे ना? आमच्याकडे असं हँडओव्हर केलं असतं तर मॅनेजरने उभं केलं असतं.

बहीण म्हणाली, वैताग बरोबर आहे, पेशंटला त्रास होतोच. पण रेसिडेंट फिरत असतात. न्यूरोलॉजी, लहान मुलांचे आजार, व्यसनमुक्ती, आणि आता तर नियमाने तीन महिने जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या चिकलठाण्याच्या मिनी घाटीसारख्या ठिकाणी. तिथे मोठं डिपार्टमेंट पाठीशी नसताना काम करायला शिकतात. आणि नव्या माणसाने नव्याने विचारलं की कधीकधी जुन्याच्या नजरेतून सुटलेलं सापडतं. आमचंच घ्या. या दुसऱ्याने विचारलं, "काका, गुडघेदुखीसाठी काही घेता का?" पप्पा मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून घ्यायचे, चिठ्ठीशिवाय. आणि तोपर्यंत त्यांना लिथियम सुरू झालं होतं. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मध्ये ठेवतात. दीडच्या वर गेली की हात थरथरणं, जुलाब, तोल जाणं. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी ती पातळी चढते. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, घाम फार गेला, तरी चढते. मे महिन्यातलं मुकुंदवाडीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्याने गोळ्या बदलून दिल्या, रक्त तपासायला सांगितलं, आणि आईला म्हणाला, "काकू, पाण्याची बाटली यांच्या हातात द्या आणि जेवणातलं मीठ एकदम कमी करू नका." शिकाऊ नंबर दोन.

आता थोडे आकडे. निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दर १०० प्रौढांमागे १० पेक्षा थोड्या जास्त लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नव्हते. देशात लाखामागे एकसुद्धा सायकियाट्रिस्ट नाही, साधारण पाऊण. निदान तीन तरी हवेत असं मानतात. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. म्हणजे आपल्याकडे भार कोणावर? मेडिकल कॉलेजच्या ओपीडीवर. आणि तिथे पहिल्या टेबलावर कोण बसलंय? शिकाऊ.

त्या शिकाऊचं स्वतःचं काय? बहीण पहिल्या वर्षी फोनवर बोलता बोलता झोपायची. २०२४ मध्ये मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय कृती दलाचा अहवाल आला. त्यात शिफारस आहे की रेसिडेंटला आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये आणि एक सुट्टी द्यावी. ७४ तास ही वरची मर्यादा म्हणून सुचवावी लागते, यावरून अंदाज करा. दुसऱ्यांचं दुःख दिवसभर ऐकणाऱ्या माणसाला नीट झोप नसेल, तर रसवंतीचा प्रश्न विचारायचं तिच्या लक्षात राहील का? माझ्या मते हा डॉक्टरांचा खासगी प्रश्न नाहीये. तो आपला, पेशंटच्या घरच्यांचा प्रश्न आहे.

म्हणून ओपीडीत गेलात तर एवढं करा. समोर तरुण डॉक्टर दिसला म्हणून तोंड वाकडं करू नका, मी केलं ते पुरे. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या न्या, मेडिकलमधून स्वतः घेतलेल्या गोळ्यांसकट. पेशंटसोबत अनेक वर्षं राहिलेला माणूस सोबत न्या, कारण रसवंती पप्पांना आठवली नाही, आईला आठवली. आणि घरात झाकून ठेवलेलं असेल तर ते तिथे बोला. औषध स्वतःहून बंद करू नका.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. गेल्या वर्षी पप्पांना फोन आला. एमडीची प्रॅक्टिकल परीक्षा आहे, लाँग केस म्हणून बसाल का? तिथे खरे पेशंट लागतात. त्यांची परवानगी घेतात आणि सांगतात की आजाराचं नाव तेवढं सांगू नका, बाकी विचारतील ते सांगा. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. समोरचा मुलगा घामाघूम. पेन हातातून दोनदा पडला. पप्पा घरी येऊन सांगत होते, "पोरगं चांगलं होतं. पण अर्धा तास झाला तरी नुसतं उदासीचंच विचारत होतं. मला सांगायला मनाई. मी मनात म्हणत होतो, अरे विचार, उलट कधी झालं का ते विचार."

आई म्हणाली, "मग? विचारलं का?"

पप्पा म्हणाले, "विचारलं. अगदी शेवटी. मग मी त्याला तिन्ही रसवंत्या सांगितल्या. चरकाच्या टोकनासकट."

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणाला करमत नसेल, किंवा घरात कोणी पहाटे तीनला गॅलरीत बसत असेल, तर टेलिमानसचा नंबर लिहून घ्या, १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि कोणी रेसिडेंट हे ड्युटीरूममध्ये ऐकत असेल, तर त्या दिवशीच्या 'शिकाऊ' बद्दल सॉरी. भेटू पुढच्या भागात.